कडव्या माणसाचे शहर

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्स. तिथल्या इतिहास संस्थेने सफरचंदाच्या झाडाचे एक मूळ जपून ठेवले आहे. शहराचा संस्थापक रॉजर विल्यम्स १६८३ मध्ये वारला आणि घरामागच्या जमिनीत पुरला गेला. पावणेदोनशे वर्षांनी, १८६० मध्ये, त्याचे अवशेष मानाने दुसरीकडे हलवावेत म्हणून ती जागा खणली, तर माणूस म्हणावा असे फारसे काही हाती लागलेच नाही. लागले ते एक मूळ. डोके असायला हवे तिथून शिरलेले, कण्याच्या रेषेत खाली उतरलेले, कमरेपाशी दुभंगून दोन पाय झालेले, गुडघ्यांत वाकलेले आणि पावलांपाशी वर वळलेले. झाडाने विल्यम्सला खाल्ला, ही आख्यायिका तिथून निघाली. मग त्या झाडाची सफरचंदे कोणी खाल्ली, हा पुढचा प्रश्न कोणत्याही चेष्टेखोर माणसाला सुचण्यासारखाच आहे, पण ख्रिस्ती धर्मशास्त्रात तो चेष्टेचा मानला जात नाही. न्यायाच्या दिवशी मेलेली शरीरे पुन्हा उठणार असतील, तर एकाचे मांस दुसऱ्याच्या अंगी लागले असता ते कोणाच्या नावावर धरायचे, यावर संत ऑगस्टीनने आपल्या ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात गंभीरपणे विचार केला आहे. त्याचा निवाडा असा की, ते मांस दुसऱ्याने उसने घेतले होते, तेव्हा ते मूळ मालकाला परत जाईल. ऑगस्टीनच्या निवाड्याने विल्यम्सचा देह सुटला असे धरू. विल्यम्सच्या विचारातला देहाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. शरीर राज्याच्या हुकमतीखाली आणि आत्मा फक्त देवाच्या, अशी रेघ या माणसाने आयुष्यभर ओढली आणि त्या रेघेवर एक शहर वसवले. त्या रेघेने काय साधले आणि तिच्या पलीकडे काय राहून गेले, हे पाहायचे आहे.

सहिष्णुतेबद्दल आपल्या मनात एक समज पक्का बसलेला असतो. श्रद्धा सैल झाली की माणूस दुसऱ्याला सहन करू लागतो. सगळे मार्ग अखेर एकाच ठिकाणी पोचतात असे एकदा मानले की भांडायला कारण उरत नाही. आणि ज्याला आपलेच खरे वाटते तो आज ना उद्या काठी उचलणारच. प्रॉव्हिडन्सचा इतिहास या समजाच्या थेट विरुद्ध साक्ष देतो. सक्तीच्या धर्मापासून पूर्ण मोकळीक देणारे हे सतराव्या शतकातले गाव एखाद्या उदार, हसतमुख, सगळ्यांशी जुळवून घेणाऱ्या माणसाने वसवलेले नाही. विल्यम्स हा त्याच्या काळातल्या कडव्यांतला कडवा होता. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण पाद्री १६३१ मध्ये बोस्टनला उतरला. तिथल्या चर्चने त्याला मानाची जागा देऊ केली ती त्याने नाकारली, कारण या मंडळींनी इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी नाते पुरते तोडलेले नव्हते. इंग्लंड सोडून समुद्रापार आलेले प्युरिटन लोक ज्याला पुरेसे शुद्ध वाटत नाहीत, तो माणूस किती सोवळा असेल याची कल्पना करावी. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की, विल्यम्सची शुद्धतेची कसोटी कडक होत होत अशा थराला गेली की, प्रभुभोजन घ्यायला योग्य अशी त्याला एकटी बायको उरली. आणि त्याच नोंदीचा पुढचा भाग असा की, तिथून तो उलटा फिरला आणि येईल त्याच्याबरोबर प्रार्थना करायला तयार झाला. विन्थ्रॉपला हा चक्रमपणा वाटला. मला त्यात एक सरळ तर्कशास्त्र दिसते.

ते असे. विल्यम्सच्या मते खरी श्रद्धा ही देवाने माणसाच्या अंतःकरणात केलेली गोष्ट आहे; ती कोणाच्या हुकमाने येत नाही आणि हुकमाने जातही नाही. मग दंडाधिकाऱ्याने न मानणाऱ्याला चर्चमध्ये बसवले तर काय होईल? तो श्रद्धाळू होणार नाही, ढोंगी होईल, आणि ते ढोंग देवासमोर आणून ठेवल्याचे पाप दंडाधिकाऱ्याच्या माथी बसेल. याच कारणाने त्याने वसाहतीच्या निष्ठेच्या शपथेला विरोध केला. शपथ ही देवाच्या नावाने घ्यायची, म्हणजे तीही उपासनाच. ज्याच्या मनात देव नाही त्याच्याकडून ती घेणे म्हणजे देवाचे नाव विटाळणे. हा युक्तिवाद नास्तिकाची कड घेत नाही, देवाची घेतो, आणि नास्तिक मात्र त्यात फुकट सुटतो. इंग्लंडच्या राजाला इथली जमीन सनदेने वाटून देण्याचा अधिकारच नाही, ती मूळ रहिवाशांची आहे, असेही तो उघड म्हणू लागला. तेव्हा ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६ च्या जानेवारीत, अटकेच्या आधीच, तो बर्फातून निसटला. नॅरॅगॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मायँटोनोमी यांनी त्याला नदीकाठी जागा दिली आणि तिथे प्रॉव्हिडन्स उभे राहिले. आलेल्या कुटुंबांनी जो करार केला त्यात बहुमताचा निर्णय पाळण्याची हमी होती, पण फक्त ऐहिक बाबतीत. तेवढ्या एका मर्यादेने धर्म गावाच्या सभेच्या कक्षेबाहेर गेला. १६४४ मध्ये लंडनमध्ये त्याने छळाच्या सिद्धान्तावर एक जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यात ज्यू, मुसलमान, मूर्तिपूजक, ख्रिस्तविरोधी अशा सर्वांना आपापल्या उपासनेची मुभा असावी असे लिहिले. संसदेने तो ग्रंथ जाहीरपणे जाळण्याचा आदेश दिला. त्या ग्रंथातली एक चर्चा फार बोलकी आहे. येशूच्या दाखल्यात गव्हाच्या शेतात शत्रूने निदण पेरलेले असते. चाकर ते उपटू म्हणतात, धनी म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. बोस्टनचा विद्वान धर्मोपदेशक जॉन कॉटन म्हणत होता की, ते शेत म्हणजे चर्च. विल्यम्स म्हणाला, मुळीच नाही. शेत म्हणजे हे जग. चर्चमधले निदण चर्चने काढावे, अगदी बायकोखेरीज कोणी उरले नाही तरी चालेल. जगातल्या निदणाला मात्र कापणीआधी कोणी हात लावायचा नाही. निदण हे निदणच आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, विल्यम्स खरोखर इतका निश्चित होता कुठे? १६३८ मध्ये त्याने अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी प्रॉव्हिडन्समध्ये स्थापली आणि थोड्याच महिन्यांत तो तिच्यातून बाहेर पडला. पुढे मरेपर्यंत तो कोणत्याच चर्चचा सभासद नव्हता. मग हा संशयवादीच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. त्याला देवाविषयी, बायबलविषयी, पापाविषयी किंवा तारणाविषयी शंका आलेली नव्हती; शंका होती ती एवढीच की, प्रेषितांपासूनची अधिकाराची साखळी तुटल्यावर नवे चर्च स्थापण्याचा हक्क आता कोणाला उरला आहे. मापदंड इतका उंच ठेवला की पृथ्वीवरचे एकही चर्च त्याला पुरे पडेना. याला सैल श्रद्धा म्हणता येत नाही. आणि याचा पुरावा हवा असेल तर क्वेकरांशी त्याचे वागणे पाहावे. बोस्टनने क्वेकरांचे कान कापले, त्यांना फटके मारले आणि १६६० मध्ये मेरी डायर या बाईला फासावर चढवले. ऱ्होड आयलंडने त्यांना राहू दिले. विल्यम्सला मात्र त्यांचे मत घातक वाटे. १६७२ मध्ये, वय सत्तरीच्या घरात असताना, त्यांच्याशी जाहीर वाद घालण्यासाठी तो दिवसभर स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला. तिथे तीन दिवस आणि मग प्रॉव्हिडन्सला एक दिवस, अशी ती खडाजंगी चालली. क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स तोवर निघून गेला होता, म्हणून त्याच्या नावावर कोटी करणारे पुस्तक लिहून विल्यम्सने त्याचा समाचार घेतला. ज्याला ‘तुमचे तुम्हाला, आमचे आम्हाला’ म्हणायचे असते तो म्हातारपणी अशी वल्ही मारत नाही. क्वेकर नरकात जाणार याची त्याला खात्री होती, आणि त्यांना प्रॉव्हिडन्सबाहेर घालवण्याचा हक्क आपल्याला नाही याचीही तितकीच.

दुसरा आक्षेप त्याच्या हयातीतच आला. प्रत्येकाचे मन प्रत्येकाचा राजा झाले तर कायदा कशावर उभा राहायचा? गावातले काही जण हत्यार धरणे आणि दंड भरणे हेही आपल्या मनाला पटत नाही म्हणू लागले. तेव्हा १६५५ मध्ये विल्यम्सने गावाला एक पत्र लिहिले. त्यात एक जहाज आहे. त्यावर कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, ज्यू आहेत, तुर्क आहेत. जहाजावरच्या प्रार्थनेला कोणालाही बळेच आणू नये, कोणाला त्याच्या प्रार्थनेपासून अडवू नये. पण जहाज कोणत्या दिशेने हाकायचे हे कप्तान ठरवील, भाडे प्रत्येकाने द्यायचे, आणि बंड करणाऱ्याला शिक्षा होईल. उत्तर चोख आहे, पण ते सोप्या प्रकरणाचे उत्तर आहे. अवघड प्रकरण गावात सतरा वर्षांपूर्वीच घडून गेले होते. विल्यम्सचा शेजारी जोशुआ व्हेरिन आपल्या बायकोला, जेनला, विल्यम्सच्या घरच्या प्रार्थनासभेला जाऊ देईना, मारहाण करी. १६३८ मध्ये गावाने ठराव केला की, श्रद्धेच्या स्वातंत्र्यावर घाला घातल्याबद्दल व्हेरिनचा मताधिकार काढून घ्यावा. विल्यम आर्नल्ड नावाच्या रहिवाशाने हरकत घेतली. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे हा देवाचा नियम आहे, तो मोडण्यासाठी आपण करार केलेला नाही. व्हेरिन जे करतो तेही सदसद्विवेकानेच करतो. इथे दोन श्रद्धा समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि गावाने निवडले ते असे की, स्वतःच्या श्रद्धेने स्वतः बांधून घेणे हे स्वातंत्र्य, तिने दुसऱ्याला बांधणे हे नव्हे. सतराव्या शतकात, विवाहित स्त्रीच्या बाजूने! या एका ठरावासाठी प्रॉव्हिडन्सला बरेच काही माफ करावेसे वाटते. तरी त्या निकालाची ताकद किती होती तेही पाहिले पाहिजे. व्हेरिन मताधिकाराला मुकला, पण बायकोला घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला परत गेला आणि तिथे चर्चला गैरहजर राहिल्याबद्दल तिचे नाव न्यायालयासमोर आले. प्रॉव्हिडन्सने तिचा आत्मा मोकळा ठरवला होता. तिचा देह नवऱ्याच्या ताब्यातच राहिला.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढ्या कडव्या तत्त्वज्ञानाची गरजच काय? राहू द्यावे लोकांना. त्रास देण्यात फायदा नसतो. १६५७ मध्ये शेजारच्या वसाहतींनी क्वेकरांना हाकला असा तगादा लावला, तेव्हा ऱ्होड आयलंडच्या सरकारने दिलेल्या उत्तरात हाही सूर आहे. आमच्याकडे त्यांना शिक्षा करायला कायदाच नाही, आणि जिथे कोणी छळत नाही तिथे त्यांचा जीव रमत नाही, कारण छळातूनच त्यांना अनुयायी मिळतात. उत्तर खट्याळ आहे आणि शहाणपणाचेही. पण निव्वळ सवयीची सहिष्णुता अडचणीच्या वेळी किती टिकते, याचे उदाहरण त्याच वसाहतीने दिले. १७६१-६२ मध्ये न्यूपोर्टचा मातबर ज्यू व्यापारी ॲरन लोपेझ याने नागरिकत्व मागितले. ब्रिटिश कायदा त्याच्या बाजूने होता. वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयाने अर्ज फेटाळला, आणि कारण काय दिले, तर ही वसाहत ख्रिस्ती धर्माच्या मुक्त उपभोगासाठी स्थापन झाली, तेव्हा ख्रिस्ती नसलेल्याला सामावून घेणे तिच्या मूळ हेतूत बसत नाही. लोपेझला नागरिकत्व शेवटी दिले ते मॅसॅच्युसेट्सने, विल्यम्सला हाकलणाऱ्या मॅसॅच्युसेट्सने. संस्थापकाचे नाव राहिले होते, त्याचा युक्तिवाद विसरला गेला होता. ज्यू आणि तुर्क त्या जहाजावर कोणाच्या मेहेरबानीने बसलेले नव्हते. त्यांच्या आत्म्यावर न्यायालयाचा अधिकारच पोचत नाही म्हणून बसले होते. हे मूळ कारण विसरले की मोकळीक ही बहुसंख्याकांच्या मर्जीची गोष्ट होऊन बसते, आणि मर्जी फिरायला वेळ लागत नाही.

इथपर्यंत कडव्या विल्यम्सची बाजू भक्कम दिसते. तिच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मात्र धर्मशास्त्रातून येत नाही, बंदरातून येतो. अमेरिकी जहाजांनी आफ्रिकेकडे गुलाम आणण्यासाठी ज्या फेऱ्या केल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या ऱ्होड आयलंडच्या होत्या. १७६४ हे साल घ्या. त्या वर्षी प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन घराण्याचा हात असलेल्या महाविद्यालयाला, म्हणजे आजच्या ब्राउन विद्यापीठाला, सनद मिळाली. कोणाही विद्यार्थ्याकडून धार्मिक शपथ घ्यायची नाही, श्रद्धेचे संपूर्ण स्वातंत्र्य राखायचे, असे तिच्यात लिहिलेले आहे. विल्यम्सचा शब्द इथे कागदावर पुरा उतरला. त्याच वर्षी ब्राउन भावांचे ‘सॅली’ हे जहाज पश्चिम आफ्रिकेकडे निघाले. त्याच्या कप्तानाने १९६ माणसे विकत घेतली. त्यांतली किमान १०९ मेली. विद्यापीठाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा हिशोब स्वतःच मांडला. मनाच्या स्वातंत्र्याची सनद आणि माणसांची खरेदी यांत त्या भावांना विसंगती जाणवली नाही, आणि याचे एक कारण मला विल्यम्सच्या रेघेतच दिसते. त्याने आत्म्याभोवती तटबंदी उभारली, पण देह ऐहिक बाबींत टाकला आणि ऐहिक बाबी बहुमताकडे सोपवल्या. बहुमत व्यापाऱ्यांचे झाले तेव्हा देहाला विचारणारे कोणी नव्हते. खुद्द विल्यम्सही यातून सुटत नाही. ज्यांच्या जमिनीसाठी तो राजाच्या सनदेशी भांडला, त्या मूळ रहिवाशांशी १६७५-७६ मध्ये युद्ध पेटले. प्रॉव्हिडन्स जळाले, त्याचे स्वतःचे घर जळाले. त्यानंतर पकडलेल्या माणसांना ठराविक मुदतीच्या दास्यात विकण्याची व्यवस्था गावाने केली. कोणत्या वयाच्या माणसाने किती वर्षे राबायचे हे ठरवणाऱ्या समितीत विल्यम्स होता.

कोणी म्हणेल, हा दोष तत्त्वाचा नव्हे, लोभाचा. सगळ्या तेरा वसाहतींनी गुलामगिरी केली, त्यांतल्या बहुतेकांना विल्यम्स ठाऊकही नव्हता. शिवाय १६५२ मध्येच प्रॉव्हिडन्स आणि वॉरविक या गावांनी कायदा केला होता की, काळा असो वा गोरा, कोणालाही दहा वर्षांपेक्षा जास्त राबवून घेऊ नये. यातला पहिला मुद्दा मान्य. व्यापाराला तत्त्वज्ञान लागत नाही. पण दुसरा मुद्दा माझ्याच बाजूने बोलतो. तो कायदा कधी राबवला गेला नाही आणि तो राबवा म्हणून गावाने व्हेरिनसारखा कोणाचा मताधिकारही काढला नाही. प्रार्थनेला अडवणे हा गुन्हा ठरवायला त्यांच्याकडे तत्त्व होते. माणूस विकणे गुन्हा ठरवायला होती ती एक चांगली इच्छा, आणि तिच्यामागे त्या दर्जाचा युक्तिवाद नव्हता. खरे तर तो युक्तिवाद विल्यम्सच्याच घरात तयार होता. जेन व्हेरिनच्या प्रकरणात गावाने पाहिलेच होते की, देह दुसऱ्याच्या मुठीत असेल तर आत्म्याचे स्वातंत्र्य कागदावर राहते. विकलेला माणूस कोणत्या प्रार्थनेला जाईल, रविवारी कुठे असेल, त्याची मुले कोणाजवळ वाढतील, हे मालक ठरवतो. तेव्हा गुलामगिरी ही विल्यम्सच्या अर्थानेही श्रद्धेवरची सक्तीच आहे. एवढी एक पायरी चढायची राहिली.

ती चढली कोणी, हे या शहराच्या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे प्रकरण वाटते. ‘सॅली’ पाठवणाऱ्या चार भावांतला धाकटा मोझेस ब्राउन. १७७३ मध्ये बायको वारल्यावर त्याने आपले गुलाम मुक्त केले आणि लवकरच तो क्वेकर झाला. त्याचा भाऊ जॉन मात्र धंद्याला चिकटून राहिला. दोघांचे वाद पत्रांतून आणि वर्तमानपत्रांतून जाहीरपणे झाले. १७८९ मध्ये मोझेसने सहकाऱ्यांबरोबर प्रॉव्हिडन्समध्ये गुलामगिरीविरोधी संस्था काढली, आणि १७९४ चा गुलामव्यापारविरोधी संघीय कायदा मोडल्याबद्दल खटला भरला गेलेला पहिला अमेरिकी माणूस ठरला तो जॉन ब्राउन. १७९७ मध्ये त्याचे ‘होप’ हे जहाज जप्त झाले. पुढे तो काँग्रेसवर निवडून गेला, हेही सांगायला हवे. त्याचा प्रॉव्हिडन्समधला वाडा आज त्याच इतिहास संस्थेचे संग्रहालय आहे, आणि विल्यम्सच्या देहाचा आकार घेतलेले ते सफरचंदाचे मूळ याच वास्तूत येऊन पडले. पण मुद्दा तो नव्हे. मुद्दा असा की, मोझेसला ज्या पंथाने जागे केले तो क्वेकरांचा होता. ज्यांच्या मताला विल्यम्सने निदण ठरवले, ज्यांच्याशी भांडायला तो होडी वल्हवत गेला, आणि तरी ज्यांना उपटायचे नाही असा त्याचा आग्रह होता. सगळी मते सारखीच खरी असतात म्हणून त्याने त्यांना राहू दिले असते, तर त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही आहे असे म्हणायला जागा उरली नसती. त्यांची मते चूक आहेत असे ठाम मानून त्याने त्यांना राहू दिले, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच्या शहराला देहाचा हिशोब विचारला तो त्यांनीच. मोझेस ब्राउनचा स्वतःचा हिशोब पुरता मिटला असेही नाही. १७९० मध्ये शेजारच्या पॉटकेट गावात त्याने सॅम्युएल स्लेटर या तंत्रज्ञाला भांडवल दिले, त्यातून अमेरिकेतली यंत्रावरची सूतगिरणी उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग वाढलेल्या ऱ्होड आयलंडच्या गिरण्या दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस घेऊन त्याच गुलामांना घालायचे जाडेभरडे कापड विणू लागल्या.